बडग्याच्या हातातली बंदूक

बाळांनो, जरा माझ्याबरोबर चला. डोळे मिटलेत तरी चालेल, पण पाय जपून टाका. आपण नागपूरच्या लकडगंजात आलो आहोत आणि इथं रस्त्याच्या कडेला सागाचे ओंडके आडवे पडलेले असतात. आरा मशीनची घरघर ऐकू येते का? भुशाचा वास नाकात शिरला? छान. आता गणपतरावांच्या आरा मशीनला वळसा घालून मागच्या बाजूला या. इथं एक लांबट उघडी जागा आहे. एका टोकाला भुशाची पोती भिंतीसारखी रचलेली, दुसऱ्या टोकाला चुन्याची रेघ. रेघेवर एक माणूस उभा आहे. खाकी कोट, बाहीवर तीन फिती, भरघोस मिशी, आणि बंदुकीचा दस्ता गालाला लावून पोत्यांवर धरलेला नेम. पापणीसुद्धा हलत नाही. घाबरू नका, तो पेंढ्याचा आहे.

आता तीच जागा पुन्हा पाहा. रेघ आहे, पोती आहेत. माणूस मात्र नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार रुपराव हेडाऊ यांना हेच दृश्य दिसलं. त्यांच्या अंगावर कडक इस्त्रीची पँट आणि पांढरा बुशशर्ट होता. "बेशरम!" ते ओरडले. कोणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण रुपरावांचा राग आधी निघत असे आणि पत्ता नंतर शोधत असे.

तसं पाहिलं तर त्यांच्या रागाला कारणंही होती. अर्धं आयुष्य पलटणीत नव्या जवानांना बंदूक शिकवण्यात गेलं. पेन्शन घेऊन आल्यावर ते गप्प बसले नाहीत. पोरसवदा मुलांच्या शेजारी बाकावर बसून जबलपूरला त्यांनी प्रशिक्षकाची परीक्षा दिली, पास झाले, प्रमाणपत्राला काच बसवली आणि चार छर्ऱ्याच्या बंदुका घेऊन गणपतरावांच्या मागच्या जागेत नेमबाजीचा वर्ग काढला. बोर्ड रंगवायला नत्थू पेंटरला दिला. बोर्ड आला, अक्षर मोत्यासारखं होतं, आणि दोन्ही कोपऱ्यांत लाल-पिवळ्या फुग्यांचे घोस होते.

"हे काय आहे बे?" रुपरावांनी विचारलं.

"फुगे आहेत जी."

"ते मले दिसून राहिलं. काहून आहेत?"

"छर्ऱ्याची बंदूक म्हटली का फुगे आलेच ना, काका! जत्रेत नाही का राहत? शोभेसाठी काढले."

त्या दिवसापासून लकडगंजात रुपरावांना कोणी हवालदार म्हटलं नाही. सगळे म्हणत, 'फुगेवाले मास्तर'. येणारे-जाणारे डोकावून विचारत, "का हो मास्तर, दहा छर्ऱ्यांत किती फुगे?" मग रुपराव काचेतल्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवून असं काही बोलत की विचारणारा फुग्यासारखाच उडून जाई.

शिकायला आलेले टिकतही नसत. रुपरावांचे नियम तीन होते. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं. नळी माणसाकडे वळवायची नाही. हत्यार नजरेआड सोडायचं नाही. जो येईल त्याला पहिला महिना लाकडाची बंदूक. एक नियम मोडला, की पुन्हा महिनाभर लाकडाची. नीट उभं कसं राहायचं ते दाखवायला रुपरावांनी पेंढ्याचा तो पुतळा केला होता. त्याचं नाव उस्ताद. लाकडाची बंदूक घेऊन उस्तादाच्या शेजारी त्याच्यासारखं उभं राहायचं, एवढाच अभ्यास. कुहीचा धोंडबा धानात शिरणारी रानडुकरं पळवायला शिकायचं म्हणून आला होता. तो म्हणाला, "मास्तर, म्या लाकूड घेऊन उभा राहीन तवर डुकरं धान कापून, मळून घरी नेतीन जी." आणि तो गेला.

उरली होती दोन-तीन जणं आणि रुपरावांची स्वतःची मुलगी गोपिका. वय वर्षं दहा. नियम तिच्याइतके कोणालाच पाठ नव्हते, आणि लाकडाची बंदूक तिच्याइतकी कोणीच धरली नव्हती. तिला खोड होती 'काहून', म्हणजे 'का', विचारायची.

"बाबा, डावं कोपर बंदुकीच्या खालीच काहून ठेवाचं?"

"रेघेवर काहून विचाराचं नाही! उस्ताद विचारते का? अजून एक महिना लाकडाची!"

अशानं वर्ग चालेना. भाडं घेणारे गणपतरावही कंटाळले. ते एक दिवस म्हणाले, "रुपरावजी, तुमच्या वर्गाले ठाण्याची मंजुरी पाहिजे म्हणता, तं आणा. पोळ्यापर्यंत आणा. नाही आली तं म्या तिथी सागवान रचतो. फुग्यांपायी जागा अडवून ठेवणं मले नाही जमत."

"फुगे नाही!" रुपराव गरजले. "नेमबाजी!"

"जे असन ते. पण पोळ्यापर्यंत."

ठाण्यातून निरोप आला, की इन्स्पेक्टर गावंडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागा पाहायला येतील. गावंडे साहेब 'हो' म्हणाले तर वर्ग राहील, 'नाही' म्हणाले तर सागवान.

म्हणून त्या सकाळी रुपराव उजाडताच गोपिकेसह येऊन सजावटीला लागले होते. त्यांनी रेघ नवी मारली. उस्तादाला स्वतःचा पलटणीतला कोट घातला. जयवंताबाईंनी, म्हणजे गोपिकेच्या आईनं, काळ्या लोकरीची मिशी करून दिली होती. ती हुबेहूब नवऱ्यासारखी झाल्यामुळे त्या दोनदा हसल्या, आणि रुपराव दोनदा चिडले. सगळं झालं, पण उस्तादाच्या हातात लाकडाची बंदूक काही शोभेना. ती हलकी होती, त्यामुळे पेंढ्याचा हात वर येई. मग रुपरावांनी आपली सगळ्यात चांगली, नवी छर्ऱ्याची बंदूक काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि सुतळीनं उस्तादाच्या हातांना घट्ट बांधली. वजन बसलं, कोपर बसलं. रुपराव मागे सरकून पाहत राहिले. पलटणीतला एकही जवान त्यांना इतका सरळ उभा राहिलेला आठवेना.

"चल, घरी जाऊन पँट बदलून येऊ," ते गोपिकेला म्हणाले.

"बाबा, बंदूक अशीच सोडून?"

"उस्ताद आहे ना पहाऱ्यावर!"

"पण तिसरा नियम..."

"ते नियम शिकणाऱ्याले असते," रुपराव म्हणाले. "शिकवणाऱ्याले नाही. चाल लवकर."

गोपिका निघाली. पण चालताना तिनं तीन वेळा मागे वळून पाहिलं.

आणि परत आल्यावर जे दिसलं, ते तुम्ही पाहिलंच आहे.

"गणपतराव!" रुपराव आरा मशीनपाशी धावले. "माहा उस्ताद कुठी गेला?"

गणपतरावांनी पट्टा थांबवला आणि कानातला भुसा झटकला. "कोण उस्ताद?"

"पुतळा! माहा पुतळा!"

"मले काय माहीत? ते नत्थू पेंटर अन् त्याचे पोट्टे आले होते भुसा मागाले. दरसाल येतात बडग्यात भराले. म्या म्हटलं, मागं आहे, पाहिजे तेवढा घेऊन जा. जाताना लय खुश होते, बाप्पा. म्हणत होते, काका, यंदा तं तुम्ही आमची मेहनतच वाचवली!"

नागपूरच्या मुलांना पुढचं सांगायची गरज नाही. बाकीच्यांनी ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत असे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, आणि त्यांच्यासोबत गल्लोगल्लीच्या पोरांनी केलेले पेंढ्याचे, भुशाचे बडगे. वर्षभरात लोकांना ज्याचा ज्याचा त्रास झाला, त्याचा बडग्या करायचा. लाचखाऊ, भेसळवाला, महागाई. गळ्यात पाटी अडकवायची, गावभर फिरवायचा आणि शेवटी गावाबाहेर नेऊन जाळायचा, की इडापिडा गेली. आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी सकाळी मिशीवाला, कोटवाला, पेंढा भरलेला तयार माणूस उभा दिसला, तर नागपूरच्या पोरांनी त्याला दुसरं काय समजायचं?

रुपरावांच्या डोळ्यांपुढे आग दिसली. त्या आगीत कोट होता, तीन फिती होत्या आणि नवी बंदूक होती. त्यांनी सायकल काढली. गोपिका मागच्या कॅरिअरवर चढली आणि दोघं निघाले.

मिरवणूक गाठायला वेळ लागला नाही, पण आत शिरायला लागला. ढोल, बँड, गच्च्यांवर बायका, खांबांवर पोरं, आणि जिकडेतिकडे एकच आरोळी: "घेऊन जाय गे मारबत!" गर्दीच्या मधोमध एका हातठेल्यावर उस्ताद उभा होता, जराही न ढळता. त्याच्यावर लोक इतके खूश होते की बाकीच्या बडग्यांकडे कोणी बघेना.

"काय बनवला गा नत्थू! असली वाटते!"

"उभा कसा आहे पाहा! जसा आत्ता गोळी घालन!"

क्षणभर, फक्त क्षणभर, रुपरावांची छाती फुगली. मग त्यांनी उस्तादाच्या गळ्यातली पाटी वाचली. ती साखरेच्या काळ्याबाजाराची वर्षं होती. नत्थूच्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'काळ्याबाजारवाल्याचा पहारेकरी'. आणि पाटीच्या दोन्ही कोपऱ्यांत, शोभेसाठी, फुगे काढलेले होते.

रुपरावांच्या कानशिलातून वाफ निघाली. सायकल गोपिकेच्या हातात देऊन ते गर्दी चिरत ठेल्यापर्यंत गेले आणि एका उडीत वर चढले.

"काका, उतरा ना!" नत्थू खालून ओरडला. "बडग्याले असा हात नसते लावत!"

"हा बडग्या नाही! उस्ताद आहे! अन् बंदूक माही आहे!"

"असू द्या ना जी. जाळल्यावर आणून देतो."

"जाळल्यावर?"

"नळी तं उरनच ना, काका!"

रुपराव दातांनी सुतळीच्या गाठी सोडू लागले. गर्दीला दिसलं ते वेगळंच. एक मिशीवाला बडग्या, आणि त्याला मिठी मारून उभा असलेला, तशाच मिशीचा जिवंत माणूस.

"अरे, असली पहारेकरी आला बे!" कोणीतरी ओरडलं. "साखर कुठी लपवली, सांग!"

"दोघालेही घेऊन जाय गे मारबत!"

पोरांनी ठेला ढकलला. रुपराव डगमगले आणि उस्तादाच्या कमरेला धरून सावरले. टाळ्या पडल्या. एवढ्यात शिट्टी वाजली. बंदोबस्तावरचा एक पोलीस अधिकारी गर्दी बाजूला सारत आला आणि ठेल्यापुढे उभा राहिला.

"ए! कोण आहे तो? खाली उतर! मिरवणुकीत दंगा करतोस?"

छातीवरच्या पट्टीवर नाव होतं: गावंडे.

नेमकी त्याच क्षणी शेवटची गाठ सुटली. बंदूक रुपरावांच्या हातात आली आणि सकाळपासून साठलेला सगळा राग तोंडात आला.

"मी दंगा करतो?" ते बंदुकीसकट वळले. "मी? पलटणीत उमर गेली माही, साहेब! परीक्षा पास आहे! प्रमाणपत्र आहे काचेत! अन् हे पोट्टे मले म्हणतात पहारेकरी, काळ्याबाजारवाल्याचा! अन् फुगेवाला!"

प्रत्येक वाक्याला हात हलत होता, आणि हातात बंदूक होती. नळी बँडवाल्यांवरून फिरली, गच्चीतल्या बायकांवरून गेली, नत्थूच्या नाकासमोर थांबली आणि तिथून गावंडे साहेबांच्या पट्ट्यावर येऊन स्थिरावली. एक शिपाई ठेल्याखाली शिरला. ढोल थांबले. बंदूक रिकामी आहे हे रुपरावांना ठाऊक होतं. पण ते एकट्या रुपरावांनाच ठाऊक होतं.

"थांब! नळी खाली!"

आवाज बारीक होता, पण हुकूम पक्का होता. सायकलच्या कॅरिअरवर गोपिका ताठ उभी होती आणि एका घाबरलेल्या गृहस्थांनी सायकल धरून ठेवली होती.

रुपरावांचं डोकं अजून रागात होतं, पण हातांना हुकूम कळला. नळी खाली गेली, कटकन मोडून उघडली, आणि आत छर्रा नाही हे सगळ्यांना दिसेल अशी बंदूक त्यांनी कमरेशी धरली. शेजारच्या बँडवाल्यानंही आपली तुतारी खाली केली.

मग गोपिकेनं जीभ चावली. भर रस्त्यात, गावापुढे, तिनं बापाला 'थांब' म्हटलं होतं.

गावंडे साहेबांनी कपाळ पुसलं. "हिला हे कोणी शिकवलं?"

"बाबांनी," गोपिका म्हणाली.

"आणि बाबांना?"

"पलटणीनं. पण आज ते विसरले."

रुपराव लालबुंद झाले. साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "हेडाऊ? लकडगंज? आज मी ज्यांच्याकडे येणार होतो, ते तुम्हीच का? बंदोबस्त लागला म्हणून अडकलो. बरं झालं, वर्ग इथंच आला. मुली, नियम सांग."

गोपिकेनं तिन्ही नियम सांगितले. तिसऱ्याला तिचा आवाज थोडा बारीक झाला.

"हत्यार नजरेआड सोडायचं नाही," साहेबांनी पुन्हा म्हटलं. "मग हे बडग्याच्या हातात कसं?"

रुपरावांनी तोंड उघडलं. गणपतरावांचं नाव जिभेवर होतं, नत्थूचं होतं, त्याच्या पोट्ट्यांचंही होतं. मग त्यांना दिसलं, की गोपिका त्यांच्याकडे बघते आहे. रागानं नाही. उत्तर माहीत असलेलं पोर ज्या नजरेनं मास्तरांकडे बघतं, त्या नजरेनं.

"म्या ठेवलं," ते म्हणाले. "नजरेआड. म्याच."

"आणि वर्गात याला शिक्षा काय?"

रुपराव बंदुकीवरचा पेंढा झटकू लागले. गोपिकेनंच सांगितलं, "महिनाभर लाकडाची."

गावंडे साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "उद्या सकाळी मी येतो. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होताना दिसली, तर मंजुरी तिथल्या तिथं देतो. नाही दिसली, तर नाही."

"पण साहेब, मी प्रशिक्षक आहे!"

"म्हणूनच," साहेब म्हणाले आणि बंदोबस्ताला वळले.

उस्ताद काही परत मिळाला नाही. नत्थू हात जोडून म्हणाला, "काका, मिरवणुकीत निघालेला बडग्या घरी नसते नेत. गावाची सारी इडापिडा तुमच्या घरी येईन." हे रुपरावांनाही पटलं. "पण कोट तं दे!" ते म्हणाले. नत्थू म्हणाला, "मंग बडग्याले उघडाच जाळू का जी? तुमचा बुशशर्ट द्या."

अशा रीतीनं उस्ताद पांढऱ्या बुशशर्टात जळायला गेला आणि रुपराव त्या उकाड्यात पलटणीचा कोट घालून, बंदूक कापडात गुंडाळून, गोपिकेला मागे बसवून सायकलवरून घरी निघाले. वाटेत एका गल्लीतली पोरं त्यांच्यामागे लागली. "बडग्या पळून राहिला बे! पकडा!" रुपरावांनी नुसतं पायडल मारलं. एवढा राग एका दिवसात त्यांनी कधी गिळला नव्हता.

रात्री जेवताना मात्र ते फुटले. "मी? लाकूड धरून उभा राहू? ज्यानं पलटणी उभ्या केल्या तो?"

"तं नका राहू," जयवंताबाई भाकरी वाढत म्हणाल्या. "गणपतरावांचं सागवानही बिचारं जागा शोधून राहिलंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरा मशीनच्या मागे ही गर्दी. मिरवणुकीत ज्यांनी 'नळी खाली' ऐकलं होतं, ते आपापल्या पोरापोरींना घेऊन आले होते. कुहीचा धोंडबाही गावाहून परत आला होता. रानडुकरांनी धान ठेवलं नव्हतं, पण त्याला आता राग आला होता, आणि रुपरावांच्या मते शिकायला तेवढं पुरे असतं. गणपतराव मोजपट्टी घेऊन भिंतीशी उभे होते. त्यांच्या शेजारी गावंडे साहेब.

उभं कसं राहायचं ते शिकवायचं, तर दाखवायला उस्ताद नव्हता. रेघ मोकळी होती.

रुपरावांनी एकदा गणपतरावांच्या मोजपट्टीकडे पाहिलं, एकदा काचेतल्या प्रमाणपत्राकडे. मग कोटाची बटणं लावली, कोपऱ्यातली लाकडाची बंदूक उचलली आणि रेघेवर, उस्तादाच्या जागी, जाऊन उभे राहिले. दस्ता गालाला, नजर पोत्यांवर.

"वा!" नत्थू मागून म्हणाला. "हा तं जुन्यापेक्षाही असली झाला!"

"गप बे!" उस्ताद म्हणाला.

गोपिका हातात कडूलिंबाची काडी घेऊन पुढे झाली. तिनं रुपरावांचे पाय दाखवले, गुडघे दाखवले, खांदा दाखवला. पोरं आ वासून बघत होती. मग ती थबकली. काडीनं तिनं रुपरावांच्या डाव्या हाताला हळूच टोचलं.

"बाबा, कोपर बाहेर जाऊन राहिलं. खाली घ्या."

रुपरावांच्या मिशा थरथरल्या. पलटणीत उमर गेलेल्या माणसाचं कोपर!

"काहून?" ते गुरगुरले.

रेघेवर 'काहून' विचारायचं नाही, अजून एक महिना लाकडाची, हे जुन्या मुलांना पाठ होतं. ती गोपिकेकडे पाहू लागली. गावंडे साहेबही पाहू लागले.

गोपिकेनं काडी खाली ठेवली. तिनं दोन्ही हातांनी बापाचं कोपर धरून अलगद बंदुकीखाली आणलं, आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात, घाई न करता, काहून ते सांगायला सुरुवात केली.